हिरवं खोड

आधी एक सांगून टाकते. नवऱ्याला मी तोंडावर ‘अहो’ म्हणते, पण लिहिताना ‘तो’ म्हणणार आहे. अहो-जाहो करत हे सगळं सांगायला बसले तर निम्मं पोटातच राहील.

तो चाकणला एका छोट्या कंपनीत वायरमन. मोठ्या मशीनी चालू-बंद करायला लोखंडी कपाटं असतात, त्यांना पॅनेल म्हणतात. आत शेकडो वायरी, लाल, पिवळ्या, निळ्या, काळ्या, हिरव्या. ड्रॉइंगमध्ये दाखवलंय तशी एकेक वायर कापायची, टोकाला नंबर चढवायचा, स्क्रूखाली आवळायची. चौदा वर्षं तो हेच करत होता आणि आमच्या लग्नालाही चौदाच वर्षं झाली होती. हे सगळं घडलं त्या आठवड्यात कंपनीनं त्याला फायनल टेस्टिंगला घेतल्याचं सांगितलं. म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं पॅनेल ड्रॉइंगशी ताडून बघायचं आणि बरोबर असलं की शिक्का मारून सही करायची. त्याच्यानंतर तपासणारं कुणी नाही, पॅनेल थेट गाडीत चढणार. येत्या सोमवारी नवीन जागेवर बसायचं होतं. मी पेढे वाटले. शेजारच्या बिल्डिंगमध्येसुद्धा वाटले, जिथं माझं कुणाशी धड बोलणं नाही.

माझं म्हणाल तर मी पिंपरीची. वडील कामगार, आम्ही भावंडं कामगारांच्याच वस्तीत वाढलो, जयंतीच्या मिरवणुकीत नाचलो, मराठी शाळेत शिकलो. आता मोशीला राहते, तिथून पुढे एका कंपनीच्या स्टोअरमध्ये कॉम्प्युटरवर बसते. एकदा मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, की हे काम पुढेमागे आपोआप होणार, थोडंफार प्रोग्रामिंग येणारा माणूसच टिकेल. म्हणाले सगळ्यांना, बघितलं मात्र माझ्याकडे. मला अशानं मिरची लागते. त्याच आठवड्यात मी पिंपरी कॅम्पात, साडीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर चालणाऱ्या क्लासला नाव घातलं. दर रविवारी सकाळी. वर्गात सगळी कॉलेजची पोरं आणि मी अडतीस वर्षांची. शिकवणारे सर तेवीस-चोवीसचे असतील. ते मला ताई म्हणायचे, मी त्यांना सर म्हणायचे, आणि दोघांनाही त्याचं अवघडल्यासारखं व्हायचं.

दोन महिन्यांनी सरांनी घरचा अभ्यास दिला, की चित्र काढायचा प्रोग्राम करा. कोरं पांढरं पान दिसलं पाहिजे, माउसचं बटण दाबून हात फिरवला की रेघ उमटली पाहिजे, वर रंगांची बटणं पाहिजेत, ज्या रंगावर टिचकी माराल त्या रंगात रेघ आली पाहिजे. ऐकायला किती सोपं. माझ्या प्रोग्रामनं पहिले दोन दिवस मला रडवलं. माउस हळू फिरवला तर रेघ यायची, जोरात फिरवला की नुसते ठिपके, मुंग्या चालल्यासारखे. मग कळलं, की माउस कुठं आहे ते कॉम्प्युटर मधूनमधूनच बघतो, सलग बघत नाही. मागचा ठिपका लक्षात ठेवून पुढच्या ठिपक्याला आपणच जोडायचा असतो. तसं केलं, तर हात उचलून दुसरीकडे टेकवला तरी मधे लांबच लांब रेघ. म्हणजे हात उचलला की मागचा ठिपका विसरायचा, हेही त्याला सांगावं लागतं. इतका बिनडोक सोबती मला आयुष्यात दुसरा भेटला नाही. पण गुरुवारी संध्याकाळी तो चालला. आठ रंगांची आठ चौकोनी बटणं वर ओळीत झळकली आणि मला एवढा आनंद झाला की मी गॅसवरचं दूध विसरले.

नवरा पहिल्या शिफ्टहून येऊन चहा पीत बसला होता. लेक उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी गेली होती, म्हणून घरात प्रेक्षक तो एकटाच. मी त्याला ओढून लॅपटॉपसमोर बसवलं. त्यानं माउस हातात घेतला, बाण एका चौकोनावर नेला आणि विचारलं, "हा कोणता?"

"हिरवा की."

"आन् हा?"

"तपकिरी."

असं करत आठही विचारले. मी खुशीत सांगत गेले. मला वाटलं, बायकोचं कौतुक करतोय. मग त्यानं एक झाड काढलं. तपकिरी खोड, हिरवी पानं, वर पिवळा सूर्य. रेघा मात्र सुंदर. ड्रॉइंग वाचायची आणि काढायची त्याची नजर पहिल्यापासूनच चांगली, कंपनीत त्याच्याइतकं ड्रॉइंग कुणाला कळत नाही, टेस्टिंगचं कामही त्याच्यावर त्याच जोरावर चालून आलं होतं. मी म्हटलं, "चित्रकार व्हायचात, वायरमन कशाला झालात?" तो हसला. मी लॅपटॉप बंद करून पातेलं घासायला गेले.

शनिवारी दुपारी मी आत मिरच्यांची देठं काढत होते. तो कामावरून आला आणि आपणहून लॅपटॉप उघडून, प्रोग्राम चालू करून बसला. मला बरं वाटलं. थोड्या वेळानं हाक आली, "बघ गं, आपलं गावाकडचं आंब्याचं झाड." लातूरकडचा आहे तो, त्यांच्या दारात आंबा आहे. मी ओल्या हातानं बाहेर आले.

झाड ऐटबाज होतं. फांद्या अगदी खऱ्या. पण खोड हिरवंगार आणि पानं सगळी तपकिरी.

"हे काय?" मी म्हटलं.

"आंबा."

"ते कळलं. पण रंग..." आणि मी कपाळावर हात मारून घेतला. "गेलं वाटतं सगळं. एक रंग दाबला की दुसराच उमटतोय. माझ्या प्रोग्रामात घोळ आहे."

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग माउस सोडून उठला. "असंल. तुझं तू बघ, मी दाढी करून येतो," म्हणाला आणि खाली सलूनला गेला.

ती दुपार मी विसरणार नाही. हिरवं बटण दाबलं, हिरवी रेघ. तपकिरी दाबलं, तपकिरी रेघ. वीस वेळा दाबलं, पंचवीस वेळा दाबलं. प्रोग्राम बंद केला, चालू केला, परत बंद केला. एकदाही चूक होईना. स्टोअरमध्ये आम्हाला एक सवय लागलेली आहे: माल आणि मोजायचं साधन यांचं जुळलं नाही, तर आधी साधनावर संशय घ्यायचा. मी तेच करत होते. माझ्यासमोर झाडाचा पुरावा होता आणि साधन माझं होतं, मीच शिकाऊ, मग चूक दुसऱ्या कुणाची असणार? स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की बस. झाडाचा मोबाइलवर फोटो तेवढा आधीच काढून ठेवला होता, उद्या सरांना दाखवू म्हणून.

रविवारी सरांनी माझा कोड वाचला आणि तिसऱ्याच ओळीवर बोट ठेवलं. "ताई, रंगांची नावं तुम्ही ह्या कंसात का लिहिलीत?"

ते महिरपी कंस होते. आता मी मराठी शाळेत शिकलेली. नववीला संच नावाचा धडा होता. फळांचा संच, सम संख्यांचा संच, सगळं महिरपी कंसात लिहायचं, चौकटी कंस घातला की बाई मार्क कापायच्या. रंगांचा संच लिहायचा म्हटल्यावर माझा हात आपोआप महिरपीकडे गेला. सर इंग्रजी शाळेतले, त्यांना याची मोठी गंमत वाटली. म्हणाले, "इथंही तो संचच होतो. पण संचाला क्रम नसतो ना? पिशवीत सगळं टाकल्यासारखं. प्रोग्राम दर वेळी चालू केला की पिशवीतून रंग वेगळ्याच क्रमानं बाहेर येतात. बघा." त्यांनी चार वेळा प्रोग्राम चालू केला. चारही वेळा बटणांच्या जागा वेगळ्या. एकदा हिरवा पहिला, एकदा सहावा. संचात घटकांच्या क्रमाला महत्त्व नसतं, हे वाक्य मी नववीत पाठ केलेलं, अजूनही झोपेत म्हणेन. पण तीन दिवस प्रोग्राम वापरून माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. येणार कसं? मला हिरवा हवा असला की मी हिरव्याकडे बघते आणि दाबते. तो कितवा आहे हे मी कशाला मोजू?

मी सुटकेचा श्वास सोडला. "म्हणजे ह्यामुळे झाड चुकलं."

सरांनी मान हलवली. "नाही ताई. बटणाची जागा बदलते, रंग बदलत नाही. बघून दाबलं तर कुठंही असो, बरोबरच येणार." त्यांनी मोबाइलवरचं झाड नीट पाहिलं. "कुणी काढलंय? तुमच्या मुलीनं का?"

"नाही, यांनी. माझ्या नवऱ्यानं."

"मग भाऊजी तुमची गंमत करत असतील," सर म्हणाले आणि दुसऱ्या पोराकडे वळले.

मी महिरपी कंस काढले, चौकटी घातले, दप्तर आवरलं आणि जिना उतरायला लागले. मधल्या पायरीवर मला गुरुवारची संध्याकाळ आठवली. हा कोणता, आन् हा? आठही विचारले होते त्यानं. कौतुक नव्हतं ते. तो जागा पाठ करत होता. गुरुवारी पाठ केल्या आणि शनिवारी त्याच जागांवर दाबल्या. मधे माझ्या संचानं नेमकी हिरव्या-तपकिरीची अदलाबदल केली, आणि त्याला ते दिसलं नाही. समोर हिरवं खोड उभं होतं आणि त्याला ते दिसलं नाही.

खाली साडीच्या दुकानाच्या पायरीवर मी बसले. आत दोन बायका साड्या उलगडून बघत होत्या आणि दुकानदार मोरपंखी, रामा, चिंतामणी अशी रंगांची नावं घेत होता. माझ्या डोक्यात एकामागून एक सगळं उलगडायला लागलं. पहिल्या दिवाळीला मी पोपटी साडी सांगितली होती, त्यानं विटकरी आणली आणि म्हणाला, दुकानदारानं हीच दिली. टोमॅटो घेताना तो एकेक दाबून बघायचा, मी सगळ्या मंडईसमोर हसायचे. मोबाइल चार्ज झाला का, हे दिव्यावरून न बघता उघडून टक्के वाचायचा. पहाटेच्या अंधारात सिग्नलला मागच्यानं हॉर्न दिल्याशिवाय त्याची गाडी हलायची नाही, आणि मी मागं बसून अभिमानानं म्हणायचे, आमचा माणूस कायदा पाळणारा. लग्नात आमच्यात वधू-वरांना पांढरंच, म्हणून तिथं सुटला. चौदा वर्षं एका ताटात जेवलो आम्ही. मी स्वतःला फार चाणाक्ष समजते, माहेरी माझ्या नजरेला सगळे टरकून असतात. आणि घरातल्या माणसाला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे मला माहीत नव्हतं.

मग पॅनेल आठवलं, आणि त्यापुढे साडीबिडी सगळं विसरायला झालं. हिरवी वायर म्हणजे अर्थिंग, तिचं टोक पॅनेलच्या लोखंडी अंगाला जोडतात. लाल वायरीत करंट असतो. हे मला त्यानंच सांगितलं होतं, हौसेनं. लाल वायर हिरवीच्या जागी गेली, तर अख्ख्या कपाटात करंट उतरतो आणि दार उघडायला हात लावणारा माणूस तिथंच चिकटतो. उद्यापासून हे तपासून सही करणारा माझा नवरा असणार होता. मी मोशीच्या बसमध्ये कशी चढले, तिकीट काढलं की नाही, मला खरंच आठवत नाही.

तरी मला खात्री करायची होती. घरी आल्यावर मी चप्पलसुद्धा न काढता लॅपटॉप उघडला आणि मुद्दाम महिरपी कंस परत घातले. प्रोग्राम चालू केला. रंग इकडचे तिकडे झाले. तो पेपर वाचत होता.

"जरा या. हिरव्यानं एक रेघ ओढा."

"उन्हातून आलीस, पाणी तरी पी."

"ओढा म्हणते ना."

तो येऊन बसला. बाण चौकोनांवरून हळूहळू चालला. लालवर थांबला, तपकिरीवर थांबला, पुढे गेला. आणि मला दिसलं, की तो पडद्याकडे बघतच नाहीये. बाण पुढे सरकवायचा आणि माझ्या चेहऱ्याकडे बघायचा. मी कुठं भुवई उचलते, कुठं सैल पडते, ते वाचत होता. अख्खा संसार त्यानं असाच वाचला असणार. मी तोंड भिंतीकडे फिरवलं. "आता दाबा."

टिचकी ऐकू आली. वळून पाहिलं तर पांढऱ्या पानावर सरळसोट तपकिरी रेघ.

"हा कोणता?"

"हिरवा," तो म्हणाला. मग माझं तोंड बघून म्हणाला, "नाही का?"

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्यापासून." त्यानं माउस बाजूला सारला. "रंगात मी जरा कच्चा आहे. लाल, हिरवा, तपकिरी, हे मला लवकर उमजत नाहीत. निळा-पिवळा येतो की."

"आणि चौदा वर्षं वायरिंग कसं केलंत?"

तेव्हा त्यानं सांगितलं. शेजारच्या टेबलावर कोकणातला एक वायरमन आहे, त्याच्याच वयाचा. तो माणूस रोज सकाळी चहाच्या आधी ह्याच्या स्टँडवर वायरीची बंडलं लावून द्यायचा. डावीकडून लाल, पिवळी, निळी, काळी, शेवटी हिरवी. त्या स्टँडला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आणि त्या कोकणातल्याला ड्रॉइंग नीट वाचता यायचं नाही, तर ते हा वाचून द्यायचा, पेन्सिलीनं खुणा करून. दोघांचा मिळून एक वायरमन होता. कंपनीत भरती होताना ठेकेदारानं फक्त हात-पाय धड आहेत का ते बघितलं होतं, आणि दरवर्षीच्या तपासणीत डॉक्टर भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायचे. ती ह्याला शेवटच्या ओळीपर्यंत दिसायची.

"चौदा वर्षांत माझं एक पॅनेल परत आलं नाही," तो म्हणाला.

"कारण तुमच्यामागे तपासायला माणूस बसला होता. उद्यापासून तो माणूस तुम्ही. तिथं कोण बंडलं लावून देणार?"

"नंबर असतात वायरीवर. नंबर बघून करीन."

"नंबर चुकीचा चढवला असेल तर? मग रंगच बघायचा ना?"

त्यानं पेपर परत उचलला. मी सुटलेच. काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. काल मी दुपारभर स्वतःला मूर्ख म्हणत बसले आणि तुम्ही खाली दाढी करत होतात, हे तर चार वेळा म्हटलं. उद्या साहेबांना सांगा, टेस्टिंग जमणार नाही म्हणून. त्यावर तो उभाच राहिला. "काय सांगू? लोक हसतील. आहे ते टेबलही जाईल. चाळीशी ओलांडल्यावर मला कोण घ्यायलंय?" मी म्हटलं, "कुणाचा हात त्या दाराला लागला तर त्याच्या बायकोला काय सांगाल?" त्यानं शर्ट घातला आणि बाहेर निघून गेला. दार आपटलं नाही, हळूच लावलं. मला दार आपटलेलं परवडलं असतं.

आता खरं ते सांगते. तो गेल्यावर तासाभरात माझाच विचार फिरला. पेढे वाटून झाले होते. मी म्हटलं, कशाला बोभाटा करायचा? कॅमेऱ्यासमोर वायर धरली की रंगाचं नाव सांगणारा प्रोग्राम मोबाइलवर मिळत असेल, नाहीतर मी करीन. खिशात ठेवील, कुणाला पत्ता लागणार नाही. मी वहीत पहिल्या दोन ओळी लिहिल्यासुद्धा. मग पेन थांबलं. मुंग्यांसारखे ठिपके जोडायला मला दोन दिवस लागले होते, बिनक्रमाची पिशवी तीन दिवस डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती, आणि मी निघाले होते अनोळखी माणसांचा जीव माझ्या प्रोग्रामवर टांगायला. नवऱ्यानं लपवलं याचा मला संताप आला होता. मी त्याच्या वरचढ निघाले. पान फाडलं आणि तो आल्यावर एवढंच म्हटलं, की मी कंपनीला फोन करणार नाही, सांगायचं ते तुम्हीच सांगा. तो हातपाय धुवायला गेला. जेवलासुद्धा नाही नीट.

सोमवारी तो नेहमीच्या बसनं गेला. पेन खिशाला लावलं, सहीसाठी घेतलेलं नवं. सांगणार की नाही, मला माहीत नव्हतं. मी स्टोअरमध्ये बसले, पण समोरचं काही डोक्यात शिरत नव्हतं. फोन वाजला की आधी नाव बघायचे. एकदा वाटलं आपणच करावा, पण दिलेला शब्द आडवा आला. चार वाजता घरी आले तर दार उघडं. तो आधीच आला होता आणि बूट घातलेलेच ठेवून चपलांच्या स्टँडजवळ जमिनीवर बसला होता.

"बोललो," तो म्हणाला.

मी दप्तर खाली ठेवून त्याच्यासमोर बसले. शिक्का हातात द्यायच्या आधीच तो साहेबांना म्हणाला होता, मला लाल-हिरवं कळत नाही. साहेबांना आधी चेष्टा वाटली. त्यांनी टेबलावरची पेनं एकेक करून पुढे धरली, मग त्यांचा चेहरा उतरला आणि त्यांनी गाडी देऊन चाकण गावात डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. टेस्टिंग गेलं. वायरिंगचं टेबलही गेलं. उद्यापासून ड्रॉइंग बघून नंबर छापायचे, वायरीला हात लावायचा नाही, असं लेखी दिलंय. कोकणातल्याचं विचारलं तर म्हणाला, "त्याचं मी नाव घेतलो नाही. पण ड्रॉइंग शीक म्हणून सांगितलो."

टेबल गेलं हे ऐकून मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. उलट छातीवरचं काहीतरी उतरलं. पण तो सांगताना थांबत होता, मधेच हाताच्या तळव्याकडे बघत होता. मला वाटलं, अपमान लागलाय. मी म्हटलं, जाऊ द्या, नोकरी आहे ना.

"तसं नाही गं," तो म्हणाला. "डॉक्टरनं ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं. पहिल्या पानावर बारा होता, मी वाचला. पुढची सगळी पानं नुसती ठिपक्यांची. मी म्हटलं, ह्यात काही नाही. डॉक्टर म्हणाले, आहे. बाजूला त्यांची नर्स होती, ती धडाधड आकडे वाचत गेली. मी बघतच राहिलो."

"मग?"

"मला वाटायचं, सगळ्यांनाच रंग असे अवघड जातात. बाकीचे हुशार, त्यांना येतात. चौथीत गुरुजींनी गवत रंगवायला दिलं, मी तांबडं रंगवलो. त्यांनी वर्गासमोर छड्या दिल्या, ढ गोळा म्हणाले, सराव कर म्हणाले. मी केलो की. आंब्याचं पान आन् विटेचा तुकडा घेऊन बसायचो रोज, शाळा सुटल्यावर. दोन वर्षं बसलो. मोठेपणी पण करायचो, कंपनीत जेवणाच्या सुट्टीत, वायरीचे तुकडे घेऊन." त्यानं तळवा मांडीला पुसला. "डॉक्टर म्हणाले, जन्मापासून आहे. सराव करून येत नसतं. कुणालाच येत नसतं."

मी त्याचा हात धरला. आमच्यात असं उगाच हात धरायची पद्धत नाही, पण धरला.

"म्हणजे मी ढ नव्हतो," तो म्हणाला.

"नव्हतात."

त्यानं बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट स्टँडवर ठेवले. मग म्हणाला, "गुरुजी गेले गं मागच्या साली. नाहीतर गावी जाऊन सांगून आलो असतो."